रात्री होडीवर कुठले दिवे लावायचे आणि कुठले बंद ठेवायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे: हर्णैला ३० फुटी फायबरची होडी घेतलीय, इनबोर्ड इंजिन आहे, दोघंतिघं मिळून रात्रीचं गिलनेट (पाण्यात भिंतीसारखं उभं सोडायचं जाळं) मारायला जाणार. दुकानदार म्हणतो केबिनवर मोठा एलईडी बार लावा आणि काठाला रंगीत पट्ट्या मारा, जेवढा उजेड तेवढी सेफ्टी. शेजारचा नाखवा म्हणतो लहान होडीला एक पांढरा दिवा पुरे, बाकीचं सगळं मोठ्या जहाजांसाठी. मग ऐकायचं कोणाचं?

दोघांचंही नका ऐकू. मी आधी मच्छीमारीच्या बोटीवर आणि नंतर बंदरातल्या टगवर (जहाजं आणि बार्ज ओढणाऱ्या बोटीवर) काम केलंय, त्यामुळे होडीतून जहाज कसं दिसतं आणि जहाजाच्या उंचीवरून होडी कशी दिसते हे दोन्ही बघितलंय, आणि त्यावरून एक गोष्ट अगदी ठासून सांगतो की होडीवरचा दिवा समोरच्यासाठी असतो. तुम्ही कोण, तुमचं तोंड कुठे आणि तुम्ही काय करताय, एवढं त्याला लांबून कळलं पाहिजे. यात जो दिवा मदत करत नाही तो नुसता फुकट जात नाही, तो बाकीचे दिवे झाकून टाकतो. म्हणून दिवे मोजकेच लावा, पण ते बरोबर असू द्या.

नियम कुठले ते आधी. समुद्रावरच्या टकरी टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले, १९७७ पासून लागू आहेत, कोलरेग म्हणतात त्यांना, आणि ते तेलाच्या टँकरला जेवढे लागू तेवढेच तुमच्या होडीलाही, अगदी खाडीत सुद्धा, जिथवर समुद्रातली बोट आत येऊ शकते तिथवर. लहान होडीला काही सवलती आहेत पण सूट नाही.

जाता-येतानाचं बघू. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत दिवे चालू, आणि दिवसा धुकं असेल किंवा पावसाने समोरचं दिसत नसेल तरी चालू. इंजिनवर चालणाऱ्या बोटीला पुढे बघणारा पांढरा मास्टलाइट (डोलकाठीवरचा दिवा), २२५ अंशांचा. उजव्या बाजूला हिरवा, डाव्या बाजूला लाल, प्रत्येकी ११२.५ अंश, म्हणजे नाळेसमोरच्या (होडीच्या पुढच्या टोकासमोरच्या) रेषेपासून सुरू होऊन बोटीच्या आडव्या रेषेच्या थोडं मागे संपणारा. आणि पाठीमागे पांढरा, १३५ अंशांचा. हे आकडे पाठ करायची गरज नाही पण त्यामागचा हिशोब समजून घ्या: पुढचा पांढरा आणि मागचा पांढरा मिळून ३६० होतात, म्हणजे कुठूनही बघा, एक पांढरा दिसतोच, आणि मागून येणाऱ्याला फक्त पांढरा दिसतो, रंग दिसत नाही. समोरच्याला रंग दिसतो की नाही आणि कुठला दिसतो यावरच सगळं चालतं.

तुमची होडी ३० फूट म्हणजे नऊ मीटरच्या आसपास, १२ मीटरच्या आत, त्यामुळे मास्टलाइट आणि मागचा दिवा वेगळे न लावता एकच चौफेर दिसणारा पांढरा दिवा चालतो, पण हिरवा आणि लाल लागतातच. नाखव्याने जे सांगितलं ते ७ मीटरच्या आतल्या, म्हणजे २३ फुटांपेक्षा लहान आणि ७ नॉटच्या (तासाला ७ नॉटिकल मैलांच्या) वर पळूच न शकणाऱ्या होडीबद्दल आहे, आणि तिथेही नियम म्हणतो की जमत असेल तर बाजूचे दिवे लावा. वल्ह्याच्या होडीला निदान पेटती बॅटरी (टॉर्च) हाताशी हवी, टक्कर टाळायला वेळेत दाखवता येईल अशी. तेव्हा तुम्हाला तीन दिवे: हिरवा, लाल, आणि वर चौफेर पांढरा, जो बाजूच्या दिव्यांपेक्षा निदान एक मीटर उंच पाहिजे. केबिनच्या छपरावरच पांढरा टेकवून ठेवलेला बघतो मी बऱ्याच होड्यांवर, तो मागच्या बाजूने छपराच्या पाइपाआड जातो आणि सुकाण्यावरच्या माणसाच्या डोळ्यात घुसतो. काठी लावा, वर न्या.

आता दिवा किती लांबून दिसला पाहिजे. १२ मीटरच्या आतल्या बोटीला नियमाने पांढरा २ मैल आणि बाजूचे १ मैल दिसले तरी पुरे. मैल म्हणजे नॉटिकल मैल, १.८५ किलोमीटर. ऐकायला बरं वाटतं. पण हिशोब करा, कंटेनर जहाज १८ नॉटने येतंय, तुम्ही ६ नॉटने त्याच्या समोर चाललाय, म्हणजे दोघांमधलं अंतर तासाला २४ मैलांनी कमी होतंय. एक मैलाला अडीच मिनिटं. म्हणजे त्याच्या वॉचवरच्या (पहाऱ्यावरच्या) माणसाला तुमचा लाल किंवा हिरवा पहिल्यांदा दिसल्यापासून तुमच्यापर्यंत पोचायला अडीच मिनिटं, आणि त्यात त्याने बघायचं, ओळखायचं, सुकाणू फिरवायचं आणि तेवढं मोठं धूड वळायला लागायचं. थांबण्याचं तर नावच काढू नका, फुल स्पीडला असलेलं भरलेलं जहाज इंजिन उलटं टाकूनसुद्धा मैलापेक्षा जास्त पुढे जाऊन थांबतं. म्हणून माझं सांगणं आहे की दिवे घेताना १ मैलवाले घेऊ नका, बाजूचे सुद्धा २ मैलांचे घ्या, १२ मीटरच्या वरच्या बोटीला लागतात ते. किमतीत थोडा फरक पडतो पण जाळ्यापेक्षा स्वस्तच पडतात.

इथपर्यंत सगळे ऐकतात, पुढचं मात्र आपल्या किनाऱ्यावर कमी लोक पाळतात. जाळं पाण्यात टाकलं की तुमची ओळख बदलते. ट्रॉलर (जाळं मागे ओढत जाणारी बोट) ओढत असेल तर वर हिरवा, खाली पांढरा, दोन्ही चौफेर. ट्रॉल सोडून बाकी मच्छीमारी, म्हणजे तुमचं गिलनेट, तर वर लाल, खाली पांढरा, दोन्ही चौफेर, एकमेकांपासून निदान एक मीटर अंतरावर, आणि खालचा होडीच्या काठापासून दोन मीटर तरी वर. जाळं बोटीपासून आडवं १५० मीटरपेक्षा लांब गेलं असेल, आणि गिलनेट जातंच, तर जाळं ज्या बाजूला आहे त्या बाजूला आणखी एक पांढरा चौफेर, लाल-पांढऱ्याच्या जोडीपासून २ ते ६ मीटर लांब. होडी पाण्यातून पुढे सरकत असेल तर हिरवा, लाल आणि मागचा दिवासुद्धा. जाळ्याबरोबर नुसती वाहत असेल तर बाजूचे आणि मागचा बंद. आणि इथे १२ मीटरच्या आतल्यांना वेगळी सवलत नाही.

हे का महत्त्वाचं तर इंजिनवाल्या बोटीने मच्छीमारी चालू असलेल्या बोटीला वाट द्यायची असते. पण तो लाल-पांढरा दिसला तरच ना त्याला कळणार. आणि उलट बाजूसुद्धा तितकीच खरी, जाळं वर घेतलं, बंदराकडे तोंड केलं, की लाल-पांढरा बंद करायचा. रात्रभर चालूच ठेवून पळणारे आहेत, आणि मग ज्याच्या बोटीला खरंच जाळं लागलंय त्याच्याही दिव्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. गळ मागे ओढत जाणारी बोट यात धरत नाहीत, कारण तिला वळायला अडचण नसते.

वरती पांढरा आणि खाली लाल असेल तर ती पायलट बोट (जहाजाला वाट दाखवणाऱ्या पायलटला नेणारी-आणणारी) आहे, मुंबईच्या आणि जयगडच्या बाजूला दिसेल. नवा माणूस लाल-पांढऱ्याचा क्रम उलटा जोडतो, तेव्हा वायरिंग झाल्यावर एकदा खाली उतरून बघा वर काय आहे. पर्ससीनवाल्यांना (माशांच्या थव्याभोवती जाळ्याचा वेढा घालणाऱ्यांना) जाळ्यामुळे हलता येत नसेल तर दोन पिवळे, एकावर एक, दर सेकंदाला आलटून पालटून लागणारे, असे लावायची मुभा आहे. ते दिसले तर लांबूनच वळसा घाला.

आता दुसऱ्याचे दिवे वाचणं. रात्री समुद्रावर जिवंत राहायची खरी विद्या ही आहे, स्वतःचे दिवे हा तिचा अर्धाच भाग.

मोठ्या जहाजाला, ५० मीटरच्या वरच्या, दोन पांढरे मास्टलाइट असतात, पुढचा खाली आणि मागचा वर. त्यांची नजर ६ मैलांची, बाजूच्या दिव्यांची ३ मैलांची. म्हणजे तुम्हाला लाल-हिरवा दिसायच्या कितीतरी आधी हे दोन पांढरे दिसतात, आणि तेवढ्यावरून जहाजाचं तोंड कळतं. खालचा दिवा वरच्याच्या डावीकडे असेल तर जहाज तुमच्या डावीकडे चाललंय, उजवीकडे असेल तर उजवीकडे. दोघांमधलं आडवं अंतर कमी कमी होत चाललं तर ते तुमच्याकडे वळतंय. आणि दोन्ही बरोबर एकावर एक आले, तर ते सरळ तुमच्या अंगावर येतंय, पुढे थोड्या वेळाने त्याखाली लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसतील. हे दोन दिवे एका रेषेत आलेले बघितल्यावर हातातलं काम टाकायचं, मासा असो की जाळं.

लाल दिसला म्हणजे त्याची डावी बाजू तुमच्याकडे आहे, तो तुमच्या डावीकडे चाललाय. तो तुमच्या उजव्या हाताला असताना लाल दिसत असेल आणि दोघंही इंजिनवर असाल तर वाट तुम्ही द्यायची. तुमच्या डाव्या हाताला आहे आणि हिरवा दिसतोय तर वाट त्याने द्यायची, तुम्ही आपला कोर्स आणि स्पीड ठेवायचा. तो काहीच करत नाही असं दिसलं तर तुम्ही हालचाल करायची, पण डावीकडे वळून त्याच्या पुढ्यात जायचं नाही. समोरासमोर, लाल-हिरवा दोन्ही दिसतायत, तर दोघांनी आपापल्या उजवीकडे वळायचं. फक्त एक पांढरा दिसतोय आणि तो जवळ येतोय, तर बहुतेक तुम्ही त्याच्या मागून चाललाय, तेव्हा बाजूने जायची जबाबदारी तुमची. नाहीतर ती नांगरावर असलेली बोट असेल, तिलाही एक चौफेर पांढराच असतो. दोन्ही वेळी तुम्हीच वळायचं आहे, तेव्हा नक्की काय आहे याची वाट बघत बसू नका.

टक्कर होणार की नाही हे ओळखायची पद्धत जुनी आणि भरवशाची आहे, होकायंत्र असलं तर उत्तमच, नसेल तर केबिनच्या खिडकीचा एक खांब धरा. आपला कोर्स स्थिर ठेवून, डोकं एका जागी ठेवून, तो दिवा खांबाच्या कुठल्या बाजूला आहे ते बघा, दोन मिनिटांनी परत बघा. दिवा खांबाच्या मागे किंवा पुढे सरकला तर तो तुमच्या मागून किंवा पुढून जाईल. खांबाला चिकटून आहे आणि मोठा होतोय, तर तुम्ही दोघं एकाच जागी पोचणार आहात. अशा वेळी दोन-पाच अंश नका वळू, रात्री ते त्याला समजत नाही. चांगलं मोठं वळण घ्या, इतकं की त्याला तुमचा रंग बदललेला दिसेल, हिरव्याचा लाल किंवा लालचा नुसता पांढरा. तो रंग बदलला की वरचा माणूस निश्चिंत होतो.

जहाजवाला बघेल, वाट त्यानेच द्यायची आहे, यावर मात्र विसंबू नका. मोठ्या जहाजाच्या ब्रिजवरून (जिथून जहाज चालवतात त्या वरच्या केबिनमधून) नाळेच्या पुढचं पाणी दिसतच नाही, नियमानेच जहाजाच्या दोन लांब्या किंवा ५०० मीटर, यातलं जे कमी असेल तेवढं पाणी झाकलेलं चालतं. म्हणजे अर्ध्या किलोमीटरच्या आत तुम्ही त्याच्या नाळेखाली शिरलात की तुमचा दिवा कितीही चांगला असो, त्याच्या दृष्टीने तुम्ही नाहीच. फायबर आणि लाकूड रडारवर नीट येत नाही, त्यामुळे काठीवर रडार रिफ्लेक्टर (रडारच्या लहरी परत फेकणारा) बांधा, स्वस्त असतो. एप्रिल २०२१ मध्ये मंगळूरसमोर रात्री एका मालवाहू जहाजाची आणि मच्छीमार बोटीची टक्कर झाली, १४ माणसं होती बोटीवर आणि त्यातली दोघंच जिवंत सापडली. आपल्याकडे जयगडला कोळशाची मोठमोठी जहाजं येतात, मुंबईच्या तोंडावर तर रांग असते, आणि चॅनेलमध्ये (जहाजांच्या जाण्या-येण्याच्या अरुंद वाटेत) नियम उलटा आहे: तिथे मच्छीमारीच्या बोटीने चॅनेलमधून जाणाऱ्याला अडथळा करायचा नाही. लाल-पांढरा लावून चॅनेलच्या मधोमध जाळं टाकलं तर हक्क तुमचा राहत नाही.

आणखी एक, मुंबई ते धरमतर जाणाऱ्यांसाठी खास. टगवर एकावर एक दोन पांढरे दिसले तर तो काहीतरी ओढतोय, तीन दिसले तर ओढण्याची लांबी २०० मीटरच्या वर आहे. मागून बघितलं तर पांढऱ्याच्या वर पिवळा. त्याच्यामागे बार्ज (माल वाहणारा सपाट तराफा) आहे, तिच्यावर फक्त बाजूचे दिवे आणि मागचा दिवा, आणि ते बरेचदा मंद असतात. टग गेला, आता मोकळं आहे, असं समजून मधून घुसलात तर मध्ये लोखंडी दोर आहे. बार्जचे दिवे सापडेपर्यंत तिथून जायचं नाही.

आता त्या एलईडी बारकडे येऊ, कारण मूळ प्रश्न तोच होता आणि दुकानदारांच्या या सल्ल्याचा मला मनापासून राग आहे.

कोलरेगचा नियम २० स्पष्ट सांगतो की ठरवलेल्या दिव्यांशी गोंधळ होईल, ते झाकले जातील, किंवा नीट पहारा ठेवायला अडथळा येईल असा दुसरा कुठलाही दिवा लावायचा नाही. टगवर असताना जयगडच्या बाहेर एक बोट बघितली होती, केबिनवर पुढे तोंड केलेले फ्लडलाइट, बाजूला निळ्या-हिरव्या पट्ट्या. आम्हाला लांबून नुसता पांढरा गोळा दिसत होता. येतेय की जातेय, जाळं आहे की नाही, काही म्हणजे काही कळेना, तिचा लाल दिवा दिसला तो अगदी जवळ आल्यावर, दुर्बिणीतून, त्या गोळ्याच्या कडेला एक ठिपका. तिच्यावरच्या माणसांना वाटत असणार की आपण एवढे उजळलोय म्हणजे सगळ्यांना दिसतोय. दिसत होतेच, पण दिसणं आणि कळणं यात फरक आहे. घाटात समोरून हाय बीम मारत येणारी गाडी ट्रक आहे की जीप हे कळत नाही, तसंच.

दुसरं नुकसान तुमचं स्वतःचं. डोळा पूर्ण अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि तो सराव जायला पांढऱ्या उजेडाचा एक झोत पुरतो. तुमच्या समोरच्या डेकवर उजेड पडला, फायबरचा पांढरा काठ चमकला, की त्याच्या पलीकडचं सगळं काळं होतं, दुसऱ्याचं मंद दिव्याचं होडकं, जाळ्याचा बोया (पाण्यावर तरंगणारी खूण), खडपावर फुटणारी लाट, काहीच दिसत नाही. मोबाइलचंही तेच, सुकाण्यावर बसणाऱ्याने रात्री स्क्रीन बघायचीच असेल तर ब्राइटनेस अगदी खाली. केबिनमध्ये नकाशा किंवा फिशफाइंडर बघायला मंद लाल दिवा ठेवा, पण तो बाहेरून दिसेल असा नको, नाहीतर कोणीतरी तो तुमचा डाव्या बाजूचा दिवा समजेल.

जाळं ओढताना उजेड लागतो, ते मला मान्य आहे, अंधारात हात जाळ्यात अडकण्यापेक्षा उजेड बरा. त्यासाठी दिवा खाली वाकवलेला, वरून टोपी असलेला, डेकवर पडेल असा, आणि त्याचा स्विच सुकाण्याजवळ. काम संपलं की बंद. आणि ओढताना एक माणूस बाहेर पाठ करून उजेडात काम करतोय तर दुसऱ्याने उजेडाच्या बाहेर उभं राहून समुद्र बघायचा. दोघंच असाल तर दर थोड्या वेळाने थांबून दिवा विझवून चौफेर बघा. किनाऱ्याच्या जवळ हे आणखी लागतं, कारण मागे वस्तीचा उजेड असला की त्यात बोटींचे दिवे हरवतात. मुंबईला तर उपनगराच्या बिल्डिंगसमोरून येणाऱ्या बोटीचा लाल दिवा सिग्नलच्या दिव्यांत मिसळून जातो, आणि गोव्याला मांडवीत कसिनोंच्या झगमगाटात बोयाचा दिवा शोधायला डोळे ताणावे लागतात. अशा ठिकाणी स्पीड कमी करणं एवढंच हातात असतं.

आणि हो, कायद्याचं. मासे खेचायला उजेड वापरणं, मग तो पाण्यावरचा एलईडी असो की पाण्यात सोडलेला, केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ पासून भारताच्या सागरी क्षेत्रात बंद केलंय, ट्रॉल, पर्ससीन आणि गिलनेट सगळ्यांना. महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये मच्छीमारीच्या कायद्यात बदल करून दंड लाखांच्या घरात नेलाय. बाजूचे दिवे एलईडीचे असायला काहीच हरकत नाही, उलट चांगले, बॅटरी कमी खातात. पण मोठा बार, वर जनरेटर, आणि होडीवर गिलनेट, असं घेऊन गस्तीच्या बोटीला भेटलात तर मी फक्त डेकसाठी लावलाय हे समजावत बसावं लागेल.

जाळ्याच्या टोकाच्या बोयांवर लुकलुकणारे दिवे लावा, जरूर लावा, पण पांढरे किंवा पिवळे. हिरवे-लाल लुकलुकणारे दिवे बंदराच्या चॅनेलच्या बोयांचे असतात, आणि आपल्याकडे बंदरात शिरताना डाव्या हाताला लाल, उजव्या हाताला हिरवा हा हिशोब धरून माणूस येतो. तुमच्या जाळ्याच्या बोयाला चॅनेलचा बोया समजून कोणी खडपावर गेला तर तुम्हाला आयुष्यभर ते विसरता येणार नाही.

बसवायचं कसं, ते थोडक्यात. हिरव्या आणि लालच्या मागे आतल्या बाजूला काळा मॅट रंग दिलेली फळी किंवा पत्रा हवा, नाहीतर डावीकडचा लाल उजवीकडून दिसतो आणि सगळी भाषाच बिघडते. जुन्या बल्बच्या दिव्यात नुसता पांढरा एलईडी घालू नका, लाल काचेमागे तो गुलाबी दिसतो, हिरव्यामागे निळसर, आणि कुठून कुठपर्यंत दिसायचा तो कोनही बदलतो. पूर्ण दिवाच एलईडीचा घ्या. वायर टिनचा मुलामा दिलेल्या तांब्याची आणि जाड, साधी घरातली वायर आपल्या खाऱ्या हवेत एका सीझनमध्ये आतून हिरवी पडते आणि मग दिवा लागतो पण मंद. प्रत्येक दिव्याला वेगळा फ्यूज, म्हणजे एकाच्या शॉर्टने सगळे जात नाहीत.

बसवून झालं की काळोख्या रात्री होडी बंदरात नांगरावर ठेवा, सगळे दिवे लावा, आणि दुसऱ्या होडक्यातून तिच्याभोवती लांबून एक फेरी मारा. नाळेसमोर आलात की लाल-हिरवा दोन्ही दिसले पाहिजेत, थोडं डावीकडे सरकलात की एकच. आडव्या रेषेच्या थोडं मागे गेल्यावर रंग एकदम गेला पाहिजे, आणि पांढरा कुठेच जाता कामा नये. केबिन, काठी, जाळ्याची रास, वर बांधलेली ताडपत्री, यातलं कोण कुठला दिवा झाकतंय ते त्या एका फेरीत कळतं. जाळं भरल्यावर परत एकदा बघा, कारण रिकाम्या होडीवर दिसणारा मागचा दिवा जाळ्याच्या राशीमागे हमखास जातो.

आणि व्हीएचएफ (बोटीवरचा बोलायचा रेडिओ) आहे ना, तर हेही करा: रेडिओ शांत चॅनेलवर ठेवून स्क्वेल्च (खरखर बंद करायचं बटण) इतकाच फिरवा की खरखर नुकती थांबेल, मग एकेक एलईडी दिवा लावा. एखादा लावल्याबरोबर खरखर परत आली तर तो दिवा रेडिओला त्रास देतोय, स्वस्त मालात हे सर्रास होतं, आणि मग चॅनेल १६ वर लांबून कोणी हाक मारली तरी तुम्हाला ऐकू येत नाही. असा दिवा परत करा. सॅटेलाइटवरचा ट्रान्सपॉन्डर मिळाला असेल तर तो लावाच, पण तो किनाऱ्यावरच्या लोकांशी बोलतो, समोरून येणाऱ्या जहाजाला तुमचा ठिपका दाखवणारं यंत्र म्हणजे एआयएस, ते वेगळं. त्यामुळे ट्रान्सपॉन्डर आला म्हणून दिव्यांकडे दुर्लक्ष नको.

नांगर टाकून झोपणार असाल तर चौफेर पांढरा एक, सगळ्यात नीट दिसेल तिथे, रात्रभर. खाडीच्या तोंडाशी तर कधीच अंधारात झोपू नका, पहाटे निघणाऱ्या बोटी अर्धवट झोपेतल्या माणसांच्या हातात असतात.

समुद्रात मध्येच दिवे गेले तर काय? जोरदार वॉटरप्रूफ बॅटरी दोन, दोन्ही चार्ज केलेल्या. जहाज जवळ येताना झोत त्याच्या ब्रिजवर मारू नका, वॉचवरचा माणूस आंधळा झाला तर त्याचा उपयोग काय, तो आपल्याच केबिनवर, पांढऱ्या काठावर मारा, उजळलेली होडी लांबून कळते. तरीही तो येतच राहिला तर बॅटरीचे पाच छोटे झटपट फ्लॅश आणि भोंग्याचे पाच छोटे आवाज, तुझं काय चाललंय ते मला कळत नाही असा त्याचा अर्थ. लुकलुकणारे तीव्र स्ट्रोब दिवे लक्ष वेधायला वापरू नका, नियमातच ते टाळायला सांगितलंय. लाल हँडफ्लेअर (हातात धरून पेटवायची संकटाची मशाल) फक्त जिवावर बेतल्यावर, आणि त्यांच्यावरची एक्स्पायरी सीझनच्या आधी बघून ठेवा, ऑगस्टमध्ये पहिल्यांदा होडी काढायच्या आधी. आणि हे दोन फोन नंबर केबिनमध्ये रंगाने मोठे लिहून ठेवा: कोस्ट गार्ड १५५४, सागरी पोलीस १०९३.